शटरची किल्ली

हिंगण्यात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. जेलमधून सुटलेल्यांना कामाला लावणारी संस्था चालवणाऱ्या एक बाई तिथं एकदाच आल्या. साठीच्या असतील. सोबत खाली मान घातलेला एक माणूस. बोलता बोलता त्या मांडीवरच्या आपल्या स्कूटरच्या हेल्मेटची काच पदरानं पुसत होत्या.

"याले कामावर ठेवा, पण शटरची किल्ली याच्याजवळच राहील." संस्थेची ती अटच होती.

मी भडकलो. "ओळख ना पाळख, अन् किल्ली देऊ?"

"इतकी वर्षं दुसऱ्यानंच याले कोंडलं नि सोडलं. एक कुलूप तरी याच्या हातानं उघडू द्या, भाऊ."

"यानं केलं काय होतं?"

"खून."

मी ताडकन उभा राहिलो. "कोणाचा?"

काच पुसणारा हात थांबला नाही. "माझ्या पोराचा."

मी किल्ली काढून त्याला दिली. निघताना त्यांनी पिशवीतून डबा काढला नि त्याच्या हातात ठेवला. "वेळेवर खाऊन घेजो गा."

"हो, माय," तो म्हणाला.

खून ऐकून उभा राहिलेला मी, ते ऐकून मटकन खाली बसलो.