सरांनी परत मागितलेलं चित्र

सरांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ते चित्र आणून दे. त्यातला लाल कोपरा चुकला माह्या हातून. नीट करतो अन् प्रदर्शनात लावतो."

"हो सर," म्हटलं आणि फोन ठेवला. भाजी तशीच राहिली.

सर म्हणजे माझे कॉलेजातले चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त होऊन अमरावतीहून अकोल्याला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा "सध्या तुह्याजवळ ठेव" म्हणून हे चित्र देऊन गेले. त्यात घर नाही, झाड नाही, माणूस नाही. काळ्या-करड्या रंगाचे फराटे आणि खाली उजवीकडे लाल रंगाचा पसारा. मला मात्र पहिल्याच दिवशी त्यात तिवशाजवळच्या आमच्या गावातलं अंगण दिसलं. वाळत घातलेल्या मिरच्या, त्या हातानं उलटवणारी आई, आणि संध्याकाळी आग सोसेना म्हणून ताकात बोटं बुडवून बसलेली आई. आता आईही नाही आणि ते घरही नाही.

"त्याइचंच आहे ते. देऊन टाक," नवरा म्हणाला.

रविवारी चित्र चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं. गाडी नवरा चालवत होता. बडनेरा मागं पडलं. मूर्तिजापूरपाशी तर 'गाडी वळवा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

सरांनी चित्र खिडकीशी टेकवलं. शेजारी रंग आधीच काढून ठेवलेले. ते पाहून मला राहवलं नाही.

"सर, लाल कोपऱ्याला हात नका लावू."

"काहून?"

मी आईचं, मिरच्यांचं सगळं सांगितलं.

"मले तिथं मिरच्या कधीच दिसल्या नाहीत. रंग जास्त झाला, बस. चित्राचा तोल जाते त्यानं."

"मंग आहे तसं मलेच द्या. प्रदर्शनासाठी दुसरं काढा."

"दुसरं काढायची ताकद असती तर तुले मागितलं असतं का?"

त्यांचा आवाज इतका चढला की सूनबाई दारात येऊन थांबली. नवरा उठून उभा राहिला. मग सर खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "घेऊन जाय. मी नाही अडवत. पण चुकलेलं चित्र माह्या नावानं लोकाइले दाखवणार नाही."

मी चादर उचलली. चित्रापर्यंत गेलेसुद्धा. सरांनी तोंड फिरवलं होतं. एका हातानं ते रंग परत डब्यात भरू लागले होते. मी चादरीची घडी घातली.

"करा सर, तुमाले वाटते तसं," म्हटलं आणि बाहेर पडले. गाडीत बसल्यावर रडू आलं.

पुढं अकोल्यातच भरलेल्या प्रदर्शनात पाहिलं, तर लाल रंगावर काळा चढला होता. चित्र आधीपेक्षा सरस झालं होतं, हे मान्य करावंच लागलं. पण कितीही वेळ उभी राहिले तरी मला त्यात आमचं अंगण सापडेना.

सर गर्दीतून जवळ आले. "रागावली का?"

"हो."

"रागव. पण घरी जेवून जाय."

मी जेवायला गेले. पानावर बसले तरी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनीही बोलण्याचा आग्रह केला नाही. भाकरी मात्र सूनबाईला दोनदा वाढायला लावली.