सत्यभामाची सही

पोटुशी बाईला दवाखान्यात न्यायचं असेल तर तिच्याशी बोलायचं नसतं, हे मला नर्सिंगच्या शाळेत कुणी शिकवलं नाही. ते शिकवलं सत्यभामानं. ती राणीसावरगावजवळच्या एका लहानशा गावची आशा कार्यकर्ती, आणि मी तिथल्या उपकेंद्राची नर्स. सोळा वर्षं आम्ही बरोबर उन्हातान्हात हिंडलो.

तिची रीतच वेगळी होती. घरात शिरली की गरोदर पोरीकडे ती बघायचीसुद्धा नाही. थेट सासूजवळ फतकल मारून बसायची आणि तिच्या पुढ्यातलं सूप ओढून तुरीतले खडे वेचायला लागायची. सासूच्या गुडघ्याचं दुखणं, आटलेली म्हैस, जावयाचे रुसवे, सगळं मन लावून ऐकायची. मग उठता उठता सहज म्हणायची, "मावशी, मंगळवारी पोरीला तपासायला न्यावं म्हणते. पर तुमी हो म्हणल्याबिगर न्हाई." मान मिळाल्यावर कोणती सासू नाही म्हणेल?

सुरुवातीला मी तिच्यावर चिडायचे. एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, पोट तिचं आहे, तर तिला विचार की."

"तिला इचारून काय करू, सिस्टर? ती हो म्हणली आन सासू न्हाई म्हणली, मंग गाडी दारात हुबी ऱ्हाती."

तिचं खरं होतं. तिच्या हाताखालच्या एकाही बाईचं बाळंतपण घरात झालं नाही, आणि त्याचं कौतुक तालुक्याच्या बैठकीत मीसुद्धा तोंड भरून केलं आहे. आज त्या कौतुकाची मला लाज वाटते.

सत्यभामाला स्वतःला मूल नव्हतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. दुसऱ्यांची बाळं दवाखान्यातून घरी आणायची, पण बारशाला मात्र मागच्या रांगेत बसायची. कुणी मुद्दाम बोलत नसे, तरी पाळण्याजवळ तिला कुणी बोलवतही नसे. नवरा परमेश्वर शेती करायचा. भला माणूस, पण घरात त्याचा आवाज असा कधी ऐकू आला नाही; आई म्हणेल तसं. त्याचं दुसरं लग्न लावा असं सांगायला भाऊबंद आले, तेव्हा त्याच्या आईनं, नर्मदाबाईंनी, त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता. "माझ्या घरात एक सून हाय, ती बास हाय," एवढं बोलून त्या गोठ्याकडे निघून गेल्या. सुनेवर त्यांचा जीव होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून त्यांना कुणी खाष्ट सासू म्हणायला नको.

एकेचाळिसाव्या वर्षी सत्यभामाची पाळी चुकली. आता ती जायचीच वेळ झाली असं तिला वाटलं. तरी एके दिवशी उपकेंद्रात आली, तपासणीची पट्टी माझ्यासमोर धरली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, ह्या पट्ट्या खराब निघाल्या का बगा बरं." गावातल्या शंभर बायकांच्या पट्ट्या वाचलेली बाई स्वतःच्या दोन रेघांवर विश्वास ठेवत नव्हती. मी दुसरी पट्टी दिली. तिच्यावरही दोन रेघा उमटल्या, तेव्हा ती औषधांच्या कपाटाला टेकून खालीच बसली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी मात्र रडले.

आठवा महिना सरेपर्यंत सगळं ठीक होतं. मग रक्तदाब चढायला लागला आणि पायावर सूज आली. नववा लागून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा मी तिला आणि नर्मदाबाईंना घेऊन परभणीला एका डॉक्टरकडे गेले. कापूस वेचणीचे दिवस होते, त्यामुळे परमेश्वर मागे राहिला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, कागद समोर ठेवले आणि सरळ सांगितलं. वय एकेचाळीस, पहिलटकरीण, रक्तदाब वाढता, आणि बाळाभोवतीचं पाणी कमी झालेलं. कळांची वाट बघता येईल, पण त्यात बाळाला धोका आहे. "माझं मत विचाराल तर उद्या सकाळी सिझर करू. पण पोट तुमचं आहे, ठरवायचं तुम्ही." असं म्हणून त्यांनी संमतीच्या कागदावर सही करायला पेन सत्यभामाच्या हातात दिलं.

पेन हातात धरून सत्यभामानं सासूकडे पाहिलं.

नर्मदाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांची लेक सुमन आठ वर्षांपूर्वी सिझरनंतर अंगावरून जाणं न थांबल्यामुळे गेली होती. तेव्हा नर्मदाबाईंना सिझरला तयार कुणी केलं होतं? सत्यभामानंच, त्याच सूप ओढून बसायच्या रीतीनं. सुमनचं पोर वाचलं, सुमन राहिली नाही. नर्मदाबाईंनी त्याबद्दल सुनेला कधी शब्दानं टोचलं नव्हतं. पण त्या दिवशी त्या खुर्चीचा दांडा धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक लेक मी टेबलावर घातली. ही दुसरी न्हाई घालायची. कळा येऊ द्या. नॉर्मल होतंय. आमच्याकडं समद्यांचं झालं."

"सही तुमची नाही लागत आजी, यांची लागते," डॉक्टर म्हणाले. आणि पुन्हा सत्यभामाला म्हणाले, "बोला ताई."

सत्यभामानं पेन टेबलावर ठेवलं. "आत्या म्हणतेत तसं," ती म्हणाली.

आणि मी काय केलं? मी नर्मदाबाईंना बाहेर बाकावर नेलं, पाणी दिलं, त्यांची समजूत काढत बसले. अर्धा तास. सुमनची गोष्ट वेगळी होती, आता रक्ताची सोय असते, काय काय सांगितलं. आत खोलीत सत्यभामा एकटी बसून होती आणि तिच्याशी मी एक अक्षर बोलले नाही. सोळा वर्षांची सवय. नर्मदाबाई बधल्या नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन, सोमवारी परत येतो असं सांगून आम्ही गुरुवारी संध्याकाळच्या बसनं परत आलो.

रविवारी दुपारी चार वाजता परमेश्वर मोटरसायकलवर माझ्या दारात आला. "सिस्टर, चला. सकाळपासून बाळ हाललं न्हाई म्हणायलीय."

सकाळपासून! जेवणानंतर बाळाचे हिसके मोजायचे, कमी वाटले की तासाभरात मला फोन करायचा, हे सत्यभामानं गावातल्या प्रत्येक पोरीकडून घोकून घेतलं होतं. स्वतः मात्र सकाळी सासूला म्हणाली, "आत्या, आज बाळ गप हाय." आत्या म्हणाल्या, निजलं असंल, गुळाचं पाणी पी. ती गुळाचं पाणी प्यायली आणि वाट बघत बसली. मी पोटावर ठोके ऐकायचं यंत्र लावलं. डावीकडे, उजवीकडे, बेंबीखाली. नुसती खरखर येत होती. सत्यभामा माझ्या तोंडाकडे बघत होती. ते यंत्र तिनं माझ्याबरोबर इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला मी काहीच सांगायची गरज पडली नाही.

दवाखान्यात कळा सुरू व्हायचं औषध दिलं. सोमवारी सकाळी तिला मुलगी झाली. डोक्यावर दाट काळं जावळ होतं आणि नखं वाढलेली होती. टाका एक पडला नाही, पोटावर चीर नाही. गावात कुणीतरी परमेश्वरला विचारलं, नॉर्मल झालं का सिझर? तो बिचारा "नॉर्मल" म्हणाला आणि वेड्यासारखा रडायला लागला.

आठव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिला दूध उतरलं होतं आणि ते प्यायला कुणी नव्हतं. छाती दगडासारखी झाली होती, अंगात ताप होता. नर्मदाबाई जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडून तिच्या छातीवर बांधत होत्या. फार घट्ट नको, एवढंच मी सांगितलं आणि गोळ्या काढून ठेवल्या. मला वाटलं होतं की ह्या दोघी आता एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. पण म्हातारी तिचे केस कानामागे सारत होती, घाम पुसत होती.

मग एकदम त्यांचा हात थांबला.

"मी अडाणी," नर्मदाबाई म्हणाल्या. "मला भ्या वाटलं, मी न्हाई म्हणले. तुला तर समदं कळत हुतं. तू कामून बोलली न्हाईस गं? तू हो म्हणली असतीस तर मी काय तुझा हात धरला असता का?"

सुमनचं नाव आता निघणार, असं मला वाटलं. तुमच्या लेकीला मी तयार केलं होतं, मग दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं बोलू, असंच ती म्हणेल. आठ दिवस मी स्वतःची समजूत तेच कारण देऊन घातली होती.

सत्यभामानं सासूच्या हातातलं पट्टीचं टोक स्वतःच्या हातात घेतलं.

"पेन माझ्याच हातात हुता, आत्या," ती म्हणाली. "तरीबी मला वाटलं, डॉक्टर तुमालाच इचारायलेत."