तेल सोडल्याचे हमीपत्र

रशीदमियाँ गेल्याची बातमी आली तेव्हा मी एका वारस नोंदीच्या अर्जातले शेवटचे वाक्य लिहीत होतो. त्यांच्या पुतण्याचा फोन होता. "मुन्शीजी, चाचा गेले," एवढेच तो बोलला. मी फोन खाली ठेवला आणि, आज सांगायला संकोच वाटतो, हातातले वाक्य पूर्ण केले. "सबब अर्जदाराचे नाव लावण्यात यावे, ही नम्र विनंती." मग पेनाला टोपण लावले. समोर बसलेल्या बाईंनी विचारले, "कोन गेलं, भाऊ?" मला नाते सांगता येईना. माझ्या अर्जांत भाऊ लागतो, चुलता लागतो, दत्तक मुलगासुद्धा लागतो. मित्र कधी लागत नाही...

लातूरच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु माझा मसुदा दुरुस्तीसाठी परत आल्याचे मला आठवत नाही. उदगीरपासून लोक येतात ते माझे नाव विचारत येतात. रशीदमियाँही असेच आले होते, घाण्याच्या वीजजोडणीच्या अर्जासाठी. घाणा म्हणजे बैलाचा नव्हे, विजेवर चालणारे यंत्र. पण आमच्याकडे त्याला अजून घाणाच म्हणतात. लोक आपली करडई घेऊन येत आणि समोर उभे राहून तेल काढून नेत. जोडणी मिळाली आणि त्या दिवसापासून दुपारी एकच्या सुमारास रशीदमियाँ माझ्या टेबलाशी चहाला येऊ लागले. अंगाला करडीच्या तेलाचा वास, पायजम्यावर पेंडीची भुकटी. माझा एखादा अर्ज उचलून, मराठी जेमतेम वाचता येत असूनही, पानभर नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "मुन्शीजी, तुमच्या अर्जात पानी लई झालं. माझ्याकडं कसं, तेल म्हंजे तेल."

त्यांच्या घाण्याचा एक नेम होता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या करडईतून उतरलेली पहिली धार ते तळहातावर घेत, दुसऱ्या हाताने चोळत, वास घेत आणि मग जिभेला लावत. दाणा जुना आहे की भेसळीचा, हे ते जिभेवरून सांगत. रमजानच्या महिन्यात मात्र अडचण व्हायची. मग मला बोलावणे यायचे. "तुमी रोजेदार न्हाई ना? मग काढा जीभ." मी चव घेऊन गंभीरपणे अभिप्राय द्यायचो आणि ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "मुन्शीजींनी पास केलं. आता कलेक्टरबी नापास करू शकत न्हाई."

दोन वर्षांपूर्वी थंडी सुरू होताना एके दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, खाली मान घालून म्हणाले, "मुन्शीजी, सकाळी संडासला रक्त पडतंय. दोन आठवडे झाले." घरी भाभींना सांगितले नव्हते, दवाखान्याची धास्ती होती. मला विचारले, कारण मी वाचणारा माणूस... आणि दुर्दैवाने मी वाचलेले होते. एका पुरवणीतला लेख कापून मी टेबलाच्या खणात ठेवला होता. जास्त चरबीचे आणि तळलेले खाणे, वाढलेले वजन आणि काही प्रकारचे कर्करोग यांचा संबंध असू शकतो, असे त्यात म्हटले होते. लेखकाने प्रत्येक वाक्यात 'शक्यता', 'कदाचित', 'अद्याप निश्चित नाही' असे शब्द घातले होते. ते मी वाचले होते. पण माझ्या धंद्यात असे शब्द पहिल्यांदा खोडायचे असतात. अर्जात 'कदाचित' आले की अर्ज लुळा पडतो. मी त्याच सवयीने रशीदमियाँना सांगितले, "तेलाने होते. तेल सोडा, थांबेल."

ज्या माणसाची तीस वर्षे तेलात गेली त्याला मी हे सांगत होतो. त्यांनी पायजम्यावरची पेंड झटकली. मग म्हणाले, "सोडतो. पण लिहून घ्या माझ्याकडून. बोललेलं मी विसरंन, सही केलेलं न्हाई विसरत."

मी हमीपत्र लिहिले. सांगायला हरकत नाही, मन लावून लिहिले. मुदत सहा महिने. कलम एक, तळलेला पदार्थ खाणार नाही. कलम दोन, तेल, तूप व डालडा वर्ज्य. कलम तीन, मटणाची चरबी वर्ज्य. कागद तिथे संपायला हवा होता. पण तीन कलमांचा मसुदा मला अपुरा वाटला, आणि मी चौथे लिहिले: "सदर मुदतीत कोणताही औषधोपचार अथवा तपासणी करून घेणार नाही, जेणेकरून गुण कशाने आला याबाबत संभ्रम राहणार नाही." त्यांनी बोट ठेवून विचारले, "हे चौथं कशाला?" मी म्हणालो, "त्याने कागद पक्का होतो." त्यांनी मराठीत सही केली, एकेक अक्षर जोडत.

शब्दाचा पक्का माणूस. घाण्यावरच्या पहिल्या धारेला त्यांनी त्यानंतर जीभ लावली नाही. पुन्हा मला बोलावणे येऊ लागले. "लई लांबचा रमजान लावला, मुन्शीजी," असे म्हणून हसायचे. वजन उतरू लागले. पायजम्याची नाडी दोन वेढे घालून बांधलेली मी पाहिली आणि अभिनंदन केले. चरबी झडते आहे, असे चार लोकांत सांगितले, ते माझ्याच सल्ल्याचे यश म्हणून. रक्ताचे विचारले तर म्हणत, "कमी-जास्त." चौथ्या महिन्यात एकदा ते कचेरीच्या पायरीवर बसले ते लवकर उठेनात. म्हणाले, "मुन्शीजी, मधीच एकदा दाखवलं तर? कागदाला चालतंय का?"

मी म्हणालो, "दोनच महिने राहिलेत. आता मोडले तर केलेले सगळे पाण्यात."

"बरं," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून उठले.

मुदत संपली त्या सकाळी कचेरी उघडायच्या आधीच ते माझ्या टेबलाशी उभे होते. "संपली. चला आता." तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोहोचली होती. डॉक्टर तरुण होते. मी त्यांना खणातला तो लेख दाखवला, तेलाबद्दल विचारले. ते शांतपणे म्हणाले, "खाण्यापिण्याचा काही प्रकारच्या कॅन्सरशी संबंध असू शकतो, काका. पण या एका माणसाला तेलामुळंच झालं, असं कोणी सांगू शकणार नाही. तेल कमी केलं, त्याचं काही बिघडलं नाही. रक्त दिसलं तेव्हाच यायचं होतं." मग रशीदमियाँकडे वळून विचारले, "का थांबलात?"

रशीदमियाँनी माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाले, "धंद्यामुळं, साहेब."

त्यानंतर वर्षभर त्यांनी सोसले. त्या वर्षात कागदाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही. मला कोणी दोष दिला असता तर उत्तर देता आले असते. उत्तर लिहिणे हाच माझा व्यवसाय आहे. पण लिहायला बसलो की कचेरीची पायरी दिसते, कठड्यावरचा तो हात दिसतो, आणि माझाच आवाज ऐकू येतो, स्पष्ट, खणखणीत, एकही 'कदाचित' नसलेला...

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो. लोक पांगल्यावर भाभींनी मला घाण्याच्या खोलीत बोलावले. भिंतीवर, यंत्राच्या बाजूला, प्लास्टिकमध्ये घातलेले ते हमीपत्र टांगलेले होते. "भाईसाब, हे वाचून दाखवा. रोज याच्यासमोर उभे राहायचे. मला उर्दू वाचता येते, मराठी न्हाई." मी पहिले कलम वाचले, दुसरे वाचले, तिसरे वाचले आणि थांबलो.

"झालं?"

"झालं, भाभी."

"चार हायेत. आकडे येतात मला."

मी चौथे वाचले. यंत्र बंद होते. भाभी म्हणाल्या, "दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, मुदत हाय. मी समजले तेलाचीच मुदत." मग थोड्या वेळाने, "हे त्यांनी सांगितलं, का तुमी लिहिलं?"

"मी लिहिले."

"त्यांनी विचारलं असंल, कशाला म्हणून."

"विचारले होते."

भाभींनी कागद खिळ्यावरून काढून हातात घेतला. मी तो कागद मागितला, फाडून टाकतो म्हणालो. "न्हाई," त्या म्हणाल्या, "त्यांची सही हाय त्याच्यावर." आणि त्यांनी तो पुन्हा खिळ्याला अडकवला.

घाणा आता भाभी चालवतात. मी दर आठवड्याला तेल आणायला जातो, संपलेले नसले तरी. इतर गिऱ्हाइकांसारखा रांगेत उभा राहतो. रांग जिथे थांबते तिथेच नेमका तो कागद आहे, आणि तेल उतरेपर्यंत लोकांना दुसरे काम नसते, म्हणून लोक वाचतात. खाली उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईत माझा शिक्का आहे, नावासह, ठळक. गेल्या आठवड्यात औसा रोडकडचा एक गृहस्थ चौथ्या कलमापाशी थबकला. त्याने ते मोठ्याने पुन्हा वाचले आणि विचारले, "हे असलं कुणी लिहिलं म्हनायचं, खालाजान?"

भाभींनी धारेवरची नजर काढली नाही.

"ते काय," त्या म्हणाल्या, "तुमच्या मागंच उभे हायेत."