एकरकमी चौकशी

माझ्या साडूभाऊंइतका चौकस माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा नसेल, आणि चुकून असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये. दोघंही एकमेकांना प्रश्न विचारत बसतील आणि तिकडे पंगत उठून जाईल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझी सोयरीक ठरत होती तेव्हा मुलीकडच्या मंडळींबरोबर तेही आमच्या घरी आले होते. बाकीच्यांनी रीतीप्रमाणे पगार विचारला, शेती विचारली, वडिलांच्या पेन्शनीचं विचारलं. साडूभाऊ मात्र अर्धा तास छताकडे बघत होते. शेवटी त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं की पंख्याचं बटण एकावर असताना पंखा तीनच्या वेगानं काहून फिरून राहिला. मग साडूभाऊंनी पेचकस मागवला, स्टुलावर चढले, आणि चहा-पोहे गार होईपर्यंत उतरले नाहीत. लग्न ठरलं, पंखाही नीट झाला. आजही ती आठवण निघाली की ते लग्नाबद्दल काही बोलत नाहीत, पंख्यात काय बिघाड होता तेवढंच सांगतात.

अशा माणसाला सरकारनं वजनमापे खात्यात निरीक्षक केलं होतं, म्हणजे माशाला पगार देऊन पाण्यात सोडल्यासारखंच झालं. इतवारीतले किराणा दुकानांचे तराजू, कन्हानकडे कोळशाचे ट्रक तोलणारे मोठाले वजनकाटे, कळमेश्वरच्या कारखान्यांतली यंत्रं, सगळीकडे ते चामडी पेटीत आपली पितळी वजनं घेऊन फिरले. दुकानदाराचा चहा घ्यायचा नाही म्हणून थर्मास स्वतःचा. घरी आणलेला प्रत्येक जिन्नसही आधी तोलला जाई, तो संशयापोटी नव्हे, निव्वळ उत्सुकतेपोटी. एकदा दोन किलो चण्याची डाळ चाळीस ग्रॅम जास्त भरली. साडूभाऊ ती चाळीस ग्रॅम पुडीत बांधून ऑटोनं इतवारीत परत द्यायला गेले. ऑटोचे पैसे डाळीच्या कितीतरी पट झाले, पण खरी गंमत पुढेच होती. दुकानदाराला वाटलं, हा सरकारी सापळा आहे. त्यानं पुडी घेतली नाही, हात जोडले आणि भर दुपारी शटर ओढून घेतलं. साडूभाऊ पुडी घेऊन बंद शटरसमोर उभे राहिले आणि त्यांना मनापासून प्रश्न पडला की काटा मारणारा पळते हे ठीक, जास्त देणारा काहून पळते?

त्यांचा आवडता प्रश्न मात्र वेगळाच होता. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली की ते विचारत, ‘यात तुमचं काय?’ मुलाच्या लग्नात भटजींनी एक होम वाढवला तेव्हाही त्यांनी मांडवातच तो प्रश्न विचारला. दुसऱ्या कुणी विचारला असता तर भांडण झालं असतं. पण साडूभाऊंच्या चेहऱ्यावर असं काही निरागस कुतूहल असे की समोरचा माणूस आधी गोंधळायचा आणि मग खरं सांगून टाकायचा. डॉक्टरांनी सांगितलं. भटजींनीही सांगितलं, आणि वर होम रद्द केला.

मग साडूभाऊ निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि विकलेल्या पेन्शनीचा भाग मिळून एक मोठी रक्कम एकाच दिवशी त्यांच्या बचत खात्यात येऊन पडली. त्या घरात एवढे पैसे एकत्र कधी आलेच नव्हते. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, त्या आठवड्यात घराच्या कड्या दोनदोनदा तपासत होत्या, जसे काही पैसे दिवाणाखाली ठेवले आहेत. बँकेत पाय न ठेवलेली बाई. साडूभाऊ बोट ठेवतील तिथे सही करायची, एवढाच त्यांचा बँकेशी संबंध.

आठ दिवसांत बँकेतली एक मुलगी त्यांच्या मानेवाड्यातल्या घरी आली. हातात डायरी, मिठाईचा डबा आणि विमा व गुंतवणूक एकत्र असलेल्या कुठल्याशा योजनेचं चकचकीत पत्रक. ती वीस मिनिटं न थांबता बोलली. साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, सर, आम्ही तुमच्या भल्यासाठीच. साडूभाऊ म्हणाले, ते तर आहेच पोरी, पण यात तुले काय भेटते? ताईंनी दुसरा चहा आणला. तो संपेपर्यंत मुलीनं सांगून टाकलं होतं की महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं नाही तर साहेब सगळ्यांसमोर बोलतात, आणि पहिल्या वर्षी भरलेल्या पैशांतला बराचसा हिस्सा कमिशनातच जातो. पुढे ती मुलगी बँकेतून घरी जाताना अधूनमधून यायला लागली. काय घेऊ नये याची यादी तिनंच साडूभाऊंना दिली, आणि ताईंकडून पाटवडीचा रस्सा शिकून गेली.

साडूभाऊंनी शंभर पानी वही आणली आणि चौकशी रीतसर सुरू केली. त्यांना कळलं की एकाच म्युच्युअल फंडाचे दोन दरवाजे असतात. एकातून गेलं तर मधल्या माणसाचा हिस्सा दरवर्षी कापला जातो, दुसऱ्यातून थेट गेलं तर तो कापला जात नाही. फंड तोच, तो चालवणारा साहेबही तोच. दुसऱ्या कुणी हे वाचून मान डोलावली असती. साडूभाऊंनी एकाच दिवशी दोन्ही दरवाजांतून पाचपाच हजार टाकले आणि वर्षभर वाट बघितली. वर्षानं फरक निघाला तो दोन कुल्फ्यांचा. पण त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. ते सकाळीच माझ्या घरी आले आणि दारातूनच म्हणाले, “एजंटाच्या दरवाजातलं भरलं पाय गा कमी! हिशेबात होतं तेवढंच, बरोब्बर.” मग त्यांनी माझ्याच जेवणाच्या टेबलावर साऱ्या रकमेचा आणि वीस वर्षांचा हिशेब मांडला. दोन कुल्फ्या फुगत फुगत शेवटी चारचाकी गाडीएवढ्या झाल्या. माझ्या बायकोनं त्या दिवशी आमचे पैसे गुंतवणाऱ्या एजंटाला फोन करून त्याचा हिस्सा विचारला आणि मला पुढचे चार दिवस जेवताना त्यानं पाठवलेली पत्रकं वाचावी लागली.

यापुढचं काम होतं थेट पैसे टाकण्यासाठी स्वस्तातलं ॲप निवडण्याचं. त्यांनी मोबाइलवर पाच ॲप घेतली. रोज सकाळी पोहे खाऊन ते एकेका कंपनीला फोन लावत आणि विचारत, तुम्ही आमच्याकडून काही घेत नाही म्हणता, तर तुमचं पोट कशावर चालते? चार ठिकाणी पाठ करून घेतलेलं ठराविक उत्तर मिळालं. पाचव्या ठिकाणचा माणूस जरा थांबून म्हणाला, काका, खरं सांगू का, पुढे तुम्हाला कर्ज विकायचा विचार आहे. साडूभाऊंनी त्याला वहीत दहापैकी नऊ गुण दिले आणि ॲप काढून टाकलं.

या सगळ्यात दोन वर्षं होत आली. रक्कम बचत खात्यात लोळत होती. मुलगा बंगळुरूहून फोन करायचा, बाबा, बाजार कुठल्या कुठे गेला, तुम्ही अजून वहीच लिहून राहिले. नातेवाईक लग्नाकार्यात हसायचे. एवढा एक किलोला एक किलो म्हणणारा माणूस, पण निर्णय म्हटला की त्याचा काटा स्थिरच होत नाही, असं मीही एकदा बोलून गेलो. साडूभाऊ नुसते हसले. त्यांचं विसरणंही वाढलं होतं. चष्मा सापडत नाही म्हणून ते दर दोन दिवसांनी ताईंच्या हातात मोबाइल द्यायचे, आणि जरा वाच वं, इथं काय लिहिलं आहे, म्हणायचे. ताई पोळ्यांचं पीठ पुसून वाचायच्या, चुकीचं बटण दाबायच्या, वैतागायच्या. एक दिवस त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की मला बापा हे मोबाइलचं काही सुधरत नाही, तुम्ही त्यांना समजावा आणि पैसे एकदाचे कुठेतरी टाकायला लावा.

मी गेलो. उन्हाळ्याची दुपार होती, कूलरच्या आवाजात ताई झोपल्या होत्या. मी सरळच विचारलं, दादा, एवढा वेळ काहून लावून राहिले तुम्ही? फरक तर आता शेपन्नास रुपयांचा उरला आहे. साडूभाऊंनी कपाट उघडलं. चामडी पेटीतल्या वजनांच्या मागे डोळ्यांत टाकायच्या औषधाची बाटली होती. काचबिंदू. निवृत्तीच्या तपासणीतच निघाला होता. कडेकडेनं नजर जात चालली होती. गेलेली परत येत नाही, आहे ती टिकते का बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“ताईंना माहीत आहे?” मी विचारलं.

“नाही सांगितलं. रडन ते. अन् रडता रडता शिकता येत नाही.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. पहिल्या पानांवर कमिशन आणि खर्च होते. नंतरच्या पानांवर ते नव्हतेच. अक्षर किती मोठं, मराठी आहे का, दोघांच्या नावानं खातं उघडता येते का, पैसे काढायचं बटण कुठे आहे, फोन माणूस उचलते का मशीन. आणि प्रत्येक ॲपसमोर ताईंना तिथपर्यंत पोचायला लागलेली मिनिटं. चष्मा एकदाही हरवला नव्हता.

“सस्तं तर पाहिजेच,” ते म्हणाले. “पण मले दिसणं बंद झालं, का मीच नसलो, तं तिले कोणाच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं काम नाही पडलं पाहिजे. एजंट वाईट राहते असं नाही गा. पण तिनं विचारलं तर तो सांगन, अन् तिले विचारायची सवय नाही.”

मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोलाही काही सांगितलं नाही. आमच्या लग्नानंतर मी पाळलेलं हे एकमेव गुपित.

पुढच्या महिन्यात निर्णय झाला. निम्मी रक्कम पोस्टातल्या ज्येष्ठांच्या योजनेत गेली आणि निम्मी दर महिन्याला थोडी थोडी फंडात जायला लागली. त्यासाठी साडूभाऊंनी घेतलेलं ॲप सगळ्यांत स्वस्त नव्हतं. एका पैशाचा फरक सोडायला तयार नसलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा वर्षाला थोडे रुपये जास्त मोजले. सगळे चाट पडले. मुलाला वाटलं, बाबा थकले.

मग त्यांनी ताईंची परीक्षा ठेवली. पाच हजार रुपये काढायचे, एकटीनं. ते स्वतः अंगणात जाऊन बसले, कारण आत असते तर बोलल्याशिवाय राहिले नसते. मीही त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसलो. आतून एकदा ‘अगं बाई’ आलं. साडूभाऊ उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. चाळीस मिनिटांनी ताई बाहेर आल्या, पदरानं मोबाइलची काच पुसत. झालं म्हणते हा मोबाइल, परवा पैसे येतील असं लिहून आलं, एवढंच म्हणाल्या. साडूभाऊंनी इतकंच विचारलं, कोणतं बटण? ताईंनी सांगितलं. मग आत जाऊन त्यांनी वहीत मिनिटं लिहिली, चाळीस.

पैसे आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी नवं पातळ नेसलं, ऑटो बोलावला आणि साडूभाऊंना म्हणाल्या, चला. कुठे, तर डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात. त्यांनी फोन करून वेळ घेऊन ठेवली होती. फी त्या स्वतः देणार होत्या, काढलेल्या पाच हजारांतून. कळलं कधी, एवढंच साडूभाऊंनी विचारलं.

“तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतून राहिले तेव्हा,” ताई म्हणाल्या. “चष्मा डोळ्यावर होता तुमच्या.”

हे मला ताईंनी सांगितलं. ऑटोत पुढे कोण काय बोललं ते दोघांपैकी कुणीही सांगत नाही, आणि साडूभाऊंच्या सहवासात राहूनही मी ते विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी औषध बदललं. नजर जाण्याचा वेग कमी झाला आहे, थांबलेला नाही. साडूभाऊ आता रस्ता ओलांडताना ताईंचा दंड धरतात, आणि चौकात काय काय चाललं आहे ते विचारत राहतात. ताईंना आताशा सांगायला बरंच काही असतं.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा मागच्या गल्लीतली एक बाई दिवाणखान्यात बसली होती. नवरा चार महिन्यांपूर्वी गेलेला, मांडीवर कागदांचं पाकीट, कुणीतरी उद्याच सही करा म्हणून मागे लागलेलं. ताई तिच्याजवळ सरकून कागदावरच्या एकेका ओळीवर बोट ठेवत होत्या. “घाई नोको करू,” त्या सांगत होत्या, “मले दोन वर्षं लागले. हे काय लिहिलं आहे ते त्याले आधी समजावून द्यायले लाव. नाही समजलं तं पुन्हा लाव.” साडूभाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत मान किंचित कलती करून बसले होते. मी आत आलो, चप्पल वाजली, तसा त्यांनी हात वर केला आणि माझ्याकडे, म्हणजे मी उभा होतो त्याच्या जरा डावीकडे बघत हळूच म्हणाले, “थांब गा. आयकू दे.”