एकवीस संकष्ट्या आणि अकरा मुलं

वाघोलीत नंदाची पिवळी व्हॅन ज्यांना ठाऊक नाही असे पालक शोधावे लागतील. नऊ वर्षांत तिनं मुलांना एकदाही शाळेत उशिरा पोचवलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला जरा जास्तच ताठा होता. नगर रस्त्यावरच्या डंपरवाल्यांनाही ती खिडकीतून असं काही ऐकवायची, की ते मुकाट्यानं बाजूला व्हायचे. एका बाबतीत मात्र या बाईच्या तोंडाला कुलूप होतं. तिचं डोकं दुखायचं.

दुखायचं म्हणजे तुमचं-आमचं उन्हातून आल्यावर दुखतं तसं नव्हे. आधी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारख्या चमकत्या रेघा नाचायच्या. मग एका बाजूचं दिसेनासं व्हायचं, आणि अर्ध्या तासात अर्धं डोकं असं ठणकायला लागायचं की कुकरची शिट्टी सोसायची नाही. उलट्या व्हायच्या. खोलीला पडदे लावून ती पडून राहायची आणि सकाळी उठून पुन्हा व्हॅन काढायची. आजवर हे सगळं मुलांना सोडून आल्यावर, घरातच झालं होतं, म्हणून निभावलं. पालकांना कळलं तर मुलं काढून घेतील, ही धास्ती तिच्या पोटात कायम असायची. शिवाय सांगून तरी काय? ‘डोकंच ना? घ्या एक गोळी,’ म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते.

सासूबाईंना, म्हणजे सरुबाईंना, सुनेचे हाल बघवेनात. त्यांनी गणपतीला नवस बोलून टाकला. सुनेचं डोकं दुखायचं राहू दे, ती एकवीस संकष्ट्या करील, चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही. नवस बोलल्या सासूबाई, उपाशी राहिली नंदा. सोळा संकष्ट्या झाल्या तरी डोकं दुखायचं राहीना, तेव्हा आपलंच मन कुठेतरी कमी पडतंय असं समजून ती उपास आणखी कडक करू लागली.

सतराव्या संकष्टीला, दुपारी पावणेतीनला, शाळेतून निघून ती मोठ्या रस्त्याला लागली आणि समोरच्या टेम्पोच्या नंबरातले पहिले दोन आकडे गायब झाले. तिनं डोळे मिटून उघडले. आकडे नव्हतेच. त्या जागी रेघा नाचत होत्या.

मागे अकरा मुलं. शेवटची सोसायटी तीन किलोमीटरवर. दहा मिनिटं रेटलं तर कुणाला काही कळणार नाही, हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला सांगा. तेवढ्यात डावीकडून हॉर्न वाजला. एक मोटारसायकल व्हॅनला घासून पुढे गेली. ती बाजूला होती, हे नंदाला ती पुढे गेल्यावर दिसलं.

तिनं वेग कमी केला, डावीकडे मान पूर्ण वळवून वळवून एका बंद पेट्रोल पंपाच्या आवारात व्हॅन घातली आणि किल्ली काढून घेतली. ‘जागेवरून कुणी हलायचं नाही,’ असं मुलांना बजावलं. मग पालकांच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला, कारण अक्षरं दिसत नव्हती: “मला डावीकडचं दिसत नाहीये. गाडी पंपावर थांबवली आहे. मुलं सुखरूप आहेत. येऊन घेऊन जा.”

नऊ वर्षांची अब्रू त्या एका निरोपात गेली, असं तिला वाटलं आणि रडू आलं.

पहिले पोचले श्रीधर. सॉफ्टवेअर कंपनीतले, घरून काम करणारे. त्यांची मुलगी दुसरीत. एव्हाना ठणका सुरू झाला होता आणि नंदा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती.

“काय झालं?”

“डोकं. मायग्रेन म्हणतात त्याला.”

“अहो, डोकं आमचंही दुखतं. आम्ही मीटिंग सोडून उठत नाही.”

“तुमच्या मीटिंगमध्ये मागे अकरा मुलं बसलेली नसतात,” नंदा म्हणाली. “मला आत्ता तुमचं अर्धंच तोंड दिसतंय.”

श्रीधरना ते काही पटलं नाही. त्यांनी आपला हात तिच्या डाव्या बाजूला, खांद्यापासून वीतभर अंतरावर धरला. “बोटं किती आहेत, सांगा.”

“कुठे?”

त्यांनी हात मागे घेतला. मुलीला घेऊन ते निघाले नाहीत. शेवटचं मूल घरी जाईपर्यंत तिथेच थांबले आणि मग नंदालाही घरी सोडलं. पण दुसऱ्या दिवशी तीन मुलं दुसऱ्या गाडीत गेली. उरलेल्या आठांच्या पालकांनी सांगितलं, “आधी डॉक्टरांचं होऊ द्या, मग बघू.”

डॉक्टरीण बाईंनी दुखल्याच्या तारखा मागितल्या. नंदा दुखल्याच्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं टिंब द्यायची. तिनं गेल्या वर्षीचं आणि यंदाचं, दोन्ही कॅलेंडरं टेबलावर ठेवली. सरुबाई सोबत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण संकष्टीच्या चौकटीतला गणपती ओळखू येत होता. टिंबं बाकीच्या दिवशीही होती. मात्र नवस बोलल्यापासूनच्या एकाही गणपतीची चौकट टिंबाशिवाय नव्हती. ते आधी त्यांनाच दिसलं.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “हा आजार उपासानं झालेला नाही. पण उपाशी राहिलं की तो उठतो. जेवण आणि झोप वेळेवर हवी. औषध देते. आणि रेघा दिसल्या की गाडी लगेच बाजूला घेऊन थांबवायची. परवा थांबवलीत तशीच.”

नंदानं पालकांना आजाराचं नाव, लक्षणं, सगळं सांगितलं. फोन केला की पंधरा मिनिटांत येऊन गाडी घेईल अशी दुसरी चालक, दीपमाला, ठरवली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी होकार दिल्यावर आठांपैकी सहा मुलं पुन्हा पिवळ्या व्हॅनमध्ये बसली. पुढच्या जागेवर श्रीधरांची मुलगी होती.

अठरावी संकष्टी गुरुवारी आली. नंदा किल्ली घेऊन निघाली, तर सरुबाई दारात ताट घेऊन उभ्या. ताटात भाकरी आणि मेथीची भाजी.

“आई, आज संकष्टी हाय,” नंदा सासूबाईंच्याच बोलीत म्हणाली.

“ठावं हाय. नवस म्या बोलले व्हते. उरल्याल्या चार माझ्या.” त्यांनी ताट तिच्या हातात दिलं. “सतरा बारी तुला उपाशी मारलं गं म्या. खा आता.”

नंदानं उंबऱ्यावरच बसून भाकरी मोडली. शेवटचा घास जाईपर्यंत सरुबाई दारातून हलल्या नाहीत.