मुलाखत कधीही थांबवता येते

प्रबंधात ज्याला जागा मिळत नाही, ते सगळं आमच्या कॅन्टीनच्या टेबलावर जमतं. आम्ही आरोग्याच्या सामाजिक बाजूवर संशोधन करणारी मंडळी. रोहनचा आणि माझा विषय म्हातारपणातला एकटेपणा आणि तब्येत, फील्ड नवी मुंबईतलं उलवे. किस्से सांगताना आम्ही खूप हसतो. मग कुणीतरी चहा आणायला उठतं, कारण एकमेकांकडे बघायची लाज वाटते.

* * *

पहिलाच दिवस, जाधवकाकांचं घर. काका मूळचे साताऱ्याकडचे, जन्मभर मार्केटात गोणी उचललेले. मुलगा ऐरोलीत, आयटीत. विमानतळ येणार म्हणून त्याने इथे फ्लॅट घेतला आणि काकी गेल्यावर वडिलांना त्यात आणून ठेवलं.

"फ्लॅट रिकामा बरा दिसत न्हाई, म्हणून मी हाय," काका म्हणाले.

नियमाप्रमाणे रोहनने संमतीचा मजकूर वाचला. "काका, तुम्ही ही मुलाखत कधीही थांबवू शकता. कारण सांगायची गरज नाही."

काका दचकले. "थांबवू कशाला? अजून च्या व्हायचाय!"

* * *

समोरच्या टॉवरमधल्या आजी. मी विचारलं, "गेल्या आठवड्यात किती वेळा एकटं वाटलं?" उत्तर किचनमधून सुनेने दिलं, "त्यांना कसलं एकटं वाटतंय? आम्ही आहोत की!"

मुलाखत एकांतात व्हायला हवी. म्हणून मी सुनेला जरा बाहेर जायची विनंती केली. ती घुटमळली, तेव्हा आजींनीच तिला सांगितलं, "जा गं खाली. यांना मी एकटी हवीये!"

* * *

डिपार्टमेंटमधलं प्रेझेंटेशन. 'कुटुंबाशी तुटलेला संवाद' या स्लाइडवर रोहन अगदी रंगात आला होता. टेबलावर त्याचा मोबाइल थरथरत होता. स्क्रीनवर 'आई'. त्याने कट केला. परत आला, परत कट.

शेवटी आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "रोहन, तुझ्या आईंनाच सॅम्पलमध्ये घेऊ या का?"

सगळे हसले. मी जरा जास्तच मोठ्याने. मग हळूच माझा सायलेंटवरचा फोन बघितला. बाबांचे मिस्ड कॉल!

* * *

मॅडमचा नियम असा की ज्यांची मुलाखत घ्यायची त्यांच्याकडे खायचं नाही, उत्तरं गोड होतात. चहापुरती सूट. काकांनी बशीत खारी ठेवली, तर आम्ही "नको, नको" करत हात मागे घेतले.

पुढच्या वेळी बशी नव्हती. बिस्किटांचा न फोडलेला पुडा होता.

"कंपनीचा हाय," काका म्हणाले. "म्या हात लावला न्हाई. आता चालंल नव्हं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम गेला खड्ड्यात, आम्ही दोघांनी तिथे बसून अख्खा पुडा संपवला. त्यानंतर विचारायचं काही नसलं तरी दर आठवड्याला काकांकडे जायला लागलो.

* * *

मुलाखतींची दुसरी फेरी, काकांकडे. रोहनने विचारलं, "गेल्या आठवड्यात तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"तुमी."

प्रश्नावलीतल्या पर्यायांमध्ये शेजारी होते, नातेवाईक होते, संशोधक नव्हते. "आम्हाला सोडून?"

"तुमी काय माणसं न्हाई का?"

रोहनने 'कुणी नाही' वर खूण केली. पण काकांची झोप सुधारली होती, भूकही. मॅडमनी ते बघितलं आणि भडकल्याच. "तुम्ही डेटा खराब करताय! शेवटच्या फेरीपर्यंत तिकडे फिरकायचं नाही."

"काकांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"काही नाही. सांगितलं तरी परिणाम होणारच."

डिग्री आम्हाला हवी होती. आम्ही माना डोलावल्या. काकांचे फोन यायचे, ते वाजून बंद होईपर्यंत आम्ही स्क्रीनकडे बघत बसायचो. अजून आठवलं की कसंतरी होतं.

* * *

शेवटची फेरी. काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, कपडे अंगावर ढगळ. ते आत गेले आणि चहा घेऊन आले. सोबत पुडा, न फोडलेला.

रोहनने रेकॉर्डर चालू केला, घसा खाकरला. "काका, तुम्ही ही मुलाखत कधीही..."

"ठावं हाय."

तेवढ्यात वरून विमान गेलं. रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून सवयीने आम्ही गप्प बसलो. काकाही थांबले. आवाज पार विरल्यावर त्यांनी रेकॉर्डर आपल्याजवळ ओढला.

"पर पोरा, म्या कुठं थांबिवली हुती?"