पहिल्या नंबरचं गाणं आणि शेळी

कांद्याच्या सुक्या टरफलांचा वास आला, की मला निरगुडसरच्या आमच्या कांदाचाळीतली माझी लबाडी आठवते. तेव्हा मी नवी सून होते. कांदे निवडताना आम्ही दर आठवड्याला रेडिओवर गाण्यांची क्रमवारी ऐकायचो आणि पहिला नंबर कुणाचा, यावर सासूबाईंशी माझी पैज लागायची. हरणारीनं उखाणा घ्यायचा. सासूबाई कधीच हरल्या नाहीत, आणि मला तर त्यांच्या तोंडून सासऱ्यांचं नाव ऐकायचंच होतं! शेवटी महिन्यापूर्वी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली क्रमवारीची कॅसेट काढली, त्यातल्या पहिल्या नंबरच्या गाण्यावर पैज लावली, टेप पोत्यामागे दडवून चालू केला आणि बंद रेडिओसमोर मान डोलावत बसले. माझं गाणं पहिलं आलं, आणि त्याच्यावरच सासूबाईंचा आवाज गरजला, "आगं, शेळी शिरली कांद्यात!" सासरे काठी घेऊन धावले. शेळी कुठंच नव्हती. "आवं, बसा खाली. मी तर गपच हाय," म्हणत सासूबाईंनी पोतं ओढलं. "चुकलं, आत्याबाई," मी पुटपुटले. "माझ्या उखाण्यासाठी येवढं सोंग व्हय? लई चावट हायेस!" त्यांनी पदर सावरला. "कांद्यात नव्हती शेळी, टेपात माझा आवाज, अमुकरावांचं नाव घेते सुनेसाठी आज." अमुकच्या जागी खरं नाव होतं, आणि ते ऐकून काठी हातात धरूनच सासरे म्हणाले, "आणखी एकदा म्हण की!" परवा लेकीनं मोबाईलवर जुन्या वर्षांची पहिल्या नंबरची गाणी लावली. त्यात ते गाणं लागलं, आणि ऐंशी पार केलेल्या सासऱ्यांनी गुपचूप काठी उचलली.